मिस्त्री कशाला?

आपल्याकडे दर सोसायटीत एक तरी काका असे असतात, ज्यांना विजेपेक्षा मिस्त्रीच्या बिलाची धास्ती जास्त. मिक्सर बंद पडला की घरचे हळहळतात आणि काकांचा चेहरा उजळतो. "मिस्त्री कशाला? उघडून बघतो ना!" बनियनवर बैठक मारून बिस्किटांच्या जुन्या डब्यातली हत्यारं फरशीवर ओतली जातात. पक्कड, काळ्या टेपचं अर्धं गुंडाळं, टोक झिजलेला स्क्रू ड्रायव्हर. काम संपल्यावर दोन स्क्रू उरतात. ते कंपनीनं जास्तीचेच दिले होते, असं काका शपथेवर सांगतात.

काकांचा सगळा भरवसा टेस्टरवर. टेस्टर टेकवला, दिवा लागला नाही, "करंट नाहीये" असा निकाल दिला की हात आत! आता टेस्टरचा दिवा लागायचा तर मागच्या धातूच्या टोपीवर बोट टेकलेलं असावं लागतं. त्या दिव्यातला नाममात्र करंट धरणाऱ्याच्या अंगातूनच जमिनीत उतरतो. काका धरतात नुसती प्लास्टिकची मूठ. त्यामुळे टेस्टर त्यांच्या हातात गेला की अख्ख्या महाराष्ट्रात लोडशेडिंग सुरू होतं.

दुसरा भरवसा एमसीबीवर. "शॉक बसला तर आपोआप पडेल की!" एमसीबी असतो तो वायर जळू नये म्हणून, काकांची त्याला काही पडलेली नसते. दहा अँपियरचा एमसीबी दहा अँपियरपर्यंत ढिम्म हलत नाही आणि माणसाचं हृदय बंद पडायला एका अँपियरचा दहावा हिस्साही पुरतो. तिथे 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी हवा. करंट भलत्या वाटेनं गळायला लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. मुलगा कधीचा मागे लागलाय, बसवून घ्या म्हणून. पण तो बसवायचा तर मिस्त्री बोलवावा लागेल, इथे घोडं अडलंय.

प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती अर्थिंग सगळ्यांच्या आधी जुळावं म्हणून. काकांच्या मते ती शोभेची. प्लगच तुटला तर वायरीची टोकं सोलून सरळ सॉकेटमध्ये खुपसायची आणि आगपेटीच्या काड्या ठोकून घट्ट करायची, ही त्यांची खास विद्या. पंखा मंद फिरायला लागला तर अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ते स्वतः बदलतात, आणि बरोबर बदलतात, हे कबूल केलंच पाहिजे. फक्त त्यासाठी डायनिंग टेबलावर स्टूल आणि स्टुलावर काका, अशी दहीहंडी उभी राहते. पंख्याचा झटका साधा बसला तरी खाली येताना माकडहाड मोडतं.

एवढं असून काका धडधाकट आहेत, याचं कारण काकू. "अहो, नुसतं बटण बंद केलंत, प्लग कोण काढणार?" असं विचारून त्या उत्तराची वाट पाहत नाहीत. प्लग स्वतः उपसतात आणि काम संपेपर्यंत मुठीत धरून बसतात. यामागे अनुभव आहे. वायरमननं फेजऐवजी न्यूट्रल बटणातून घेतली असेल, तर बटण बंद करूनही आत वीज खेळतच असते. कारखान्यांत दुरुस्तीच्या वेळी मेन स्विचला कुलूप घालून किल्ली कामगार आपल्या खिशात ठेवतो. या घरात किल्ली काकूंकडे. प्लग नसलेलं काम असेल तर त्या मेन स्विचखाली लाटणं घेऊन उभ्या राहतात. पाहुण्यांचा भलताच समज होतो. पण चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नसतो. आधी मेन बंद करायचा, तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडानं दूर ढकलायचं, हे काकूंना पक्कं ठाऊक आहे. लाटणं त्या मुद्दाम कोरडं ठेवतात.

तुमच्याही घरी असे काका असतील तर मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन खुशाल उघडू द्या. प्लग तेवढा आपल्या हातात ठेवा. मायक्रोवेव्हला मात्र स्क्रू ड्रायव्हर लावू देऊ नका, सरळ मिस्त्री बोलवा. त्यातल्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब टिकून राहू शकतो, आणि तिथे काकूंच्या मुठीतल्या प्लगचा काही उपयोग नाही.