तोंडीचे वीस

मराठी शाळेतल्या पोरांना इंग्रजी बोलता येत नाही, अशी ओरड करणाऱ्यांनी दहावीचे निकाल नीट पाहिलेले नाहीत. 2018 साली राज्याचा निकाल 89.41 टक्के लागला. पुढच्या वर्षी मंडळाने भाषांचे तोंडीचे वीस गुण काढून घेतले, तर निकाल धाडकन 77.10 वर आला. बोंबाबोंब झाली, वीस गुण परत आले आणि 2020 ला निकाल 95.30! (त्या वर्षी भूगोलाचा पेपर कोरोनाने खाल्ला, हे मान्य. पण भूगोलाला तोंड कुठे असतं?) आणखी काय पुरावा हवा? आमची पोरं बोलण्यात वाघ आहेत, लिहिण्यात जरा कच्ची आहेत इतकंच.

ती नेमकी बोलतात कधी, हे मात्र विचारू नये. वर्गात पासष्ट मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. त्यातून हजेरी, मध्येच आलेली शिष्यवृत्तीची नोटीस आणि मागच्या बाकावरची मारामारी वजा करा. इंग्रजीचे सर मूळचे इतिहासाचे. पुस्तक पानोपानी सांगतं की जोडीदाराशी चर्चा करा. सर ही सूचना मराठीत समजावतात आणि चर्चेत काय ठरलं ते फळ्यावर लिहून देतात. दोन्ही जोडीदार खाली मान घालून उतरवून घेतात. एखाद्या दिवशी चुकून खरीच चर्चा झाली, तर खिडकीतून मुख्याध्यापक डोकावतात : "सर, वर्गावर जरा कंट्रोल ठेवा." वर्गात गलका झाला की भाषा येते, असं सरांनी प्रशिक्षणात ऐकलेलं असतं. पण गोपनीय अहवाल प्रशिक्षणवाले लिहीत नाहीत.

बाकी संवाद लेखी परीक्षेतही असतोच, आणि गाइडात तो तयार मिळतो. दोन मित्र भेटतात, गुड मॉर्निंग म्हणतात, झाडं तोडल्याबद्दल हळहळतात आणि लगेच निरोप घेतात. एकाच सकाळी राज्यभरातल्या उत्तरपत्रिकांत हे दोघे भेटत असतात. भांडत नाहीत, उसने पैसे मागत नाहीत. इतके सभ्य मित्र मला अजून कुठे आढळलेले नाहीत.

मग येतो तोंडीचा दिवस. "व्हॉट इज युवर नेम?" पोरगं नाव सांगतं. 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे, तेव्हा या उत्तराची तयारी दहा वर्षांची असते. "व्हॉट इज युवर फादर?" "फार्मर." वीसपैकी अठरा! दोन कापायचे, नाहीतर मंडळाला संशय येतो. शेवटपर्यंत तोंडच न उघडणाऱ्याला सोळा मिळतात. ते श्रवणकौशल्याचे.