जावईबापू आणि पाव आटा

ऑक्सफर्ड
रविवार

ती. बाबा व आई यांस सा. न.

आम्ही सगळे मजेत आहोत, गाडी सोडून. मागच्या फोनवर आईने विचारलं होतं, "जावईबापूंनी गाडी घेतली म्हणे, केवढी आहे?" तेव्हा मी विषय बदलला. गाडी १९६७ सालची मॉरिस मायनर आहे, म्हणजे जावईबापूंपेक्षा वयाने मोठी. इथे ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ आणि दरवर्षीची तपासणीही सक्तीची नाही, तेव्हा ही जवळजवळ फुकटच पडते, असा हिशेब त्यांनी मला समजावला. हिशेबात पेट्रोल आणि बायको धरलेली नव्हती.

बाबा, तुम्हाला मात्र ती आवडेल. उद्यमनगरात आपल्या दारात ज्या अ‍ॅम्बॅसिडर उभ्या असायच्या, त्यांचं मूळ मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. ती आणि ही मायनर, दोघींचं माहेर इथलंच, कावलीचा कारखाना. आता तिथे मिनी बनते. बॉनेट उघडलं, आत ओळखीचा एसयू कार्बोरेटर दिसला आणि मला एकदम भूक लागली. तुमच्या हाताचा पेट्रोलचा वास आणि आईची भाकरी माझ्या नाकात एकत्रच जाऊन बसलेत, त्याला मी काय करू?

तर गाडीचं दुखणं असं की चालताना गुणी, सिग्नलला उभी राहिली की बंद. मॉडलिन पुलापलीकडच्या चौकात तर ती ठरवून बंद पडते. मागे दोन बसगाड्या, बाजूला विद्यार्थ्यांच्या सायकली, आणि कुणीही हॉर्न मारत नाही. तेच जास्त लागतं हो. आपल्या दसरा चौकात चार जणांनी शिव्या घालत ढकलून तरी दिली असती.

आता जावईबापू म्हणजे भूलतज्ज्ञ. माणूस झोपला पाहिजे पण बंद पडता कामा नये, हाच त्यांचा रोजचा धंदा. त्यामुळे आयडलिंग ही आपल्या हातची गोष्ट, असं त्यांनी ठरवलं. स्टेथोस्कोप आणून कार्बोरेटरला लावला. दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "मंद आहे." मग स्क्रूड्रायव्हर घेऊन थ्रॉटलचा स्क्रू अर्धा आटा आत. गाडी बंद पडायची थांबली. दुसऱ्या दिवशी गार हवेत पुन्हा पडली, म्हणून आणखी अर्धा आटा.

पुस्तकात या इंजिनाचं आयडलिंग मिनिटाला सुमारे ५०० फेरे दिलंय. आमची गाडी सहज १२००च्या पुढे गेली असेल. मायनरला फेरे मोजायचा काटा नसतो, पण तुमच्या मुलीला कान आहेत. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे गिअर टाकताना अख्ख्या गल्लीला कळायचं की डॉक्टर ड्यूटीवर निघाले. त्याहून मजा संध्याकाळी. त्यांनी किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली, दार लावलं, आणि गाडी आपली खडखडत चालूच! स्पार्क नाही, तरी आतल्या तापलेल्या काजळीवर पेट्रोल पेटतंय. शेजारचे आजोबा कुंपणापाशी उभे. आयुष्य कावलीच्या कारखान्यात गेलेले. ते फक्त एवढंच म्हणाले, "बरीच उत्साही आहे." इंग्रज माणसाच्या तोंडून यापेक्षा मोठी शिवी मी ऐकलेली नाही.

इतके दिवस मी गप्प होते, ते केवळ जावयाचा मान म्हणून. त्या संध्याकाळी चहा द्यायच्या निमित्ताने गेले आणि थ्रॉटलचा स्पिंडल बोटाने हलवून पाहिला. डुगडुगत होता. घासलेल्या स्पिंडलच्या बाजूने हवा आत शिरत होती, मिक्श्चर पातळ होत होतं आणि मंद चालीवर इंजिनाची उपासमार होत होती. स्क्रू आत घातला की झडप जास्त उघडते, त्यामुळे रोग झाकला जातो एवढंच. जावईबापू म्हणाले, "तुला कसं कळलं?" आजोबा कुंपणावरून म्हणाले, "वडिलांचं गॅरेज होतं का?" मी कुठे शिकले ते त्यांना कळलं, जावयाला नाही कळलं.

कार्बोरेटर दुरुस्तीला पाठवला, नवा स्पिंडल आणि बुश घालून आला. मग मात्र मी तुमच्याच क्रमाने करायला लावलं. आधी टॅपेट, मग पॉइंटची फट १५ हजारांश इंच, प्लग, टायमिंग. डॅशपॉटमध्ये तेल. चोकची केबल जरा ढिली, नाहीतर ती गुपचूप रेस धरून ठेवते. फिरून आल्यावर, इंजिन चांगलं तापलेलं असताना, खालचा षटकोनी नट एकेका पैलूने. पिस्टन पिनेने जरासा उचलायचा. रेस वाढून तशीच राहिली तर मिक्श्चर जाड, लगेच गचके खाल्ले तर पातळ, किंचित वाढून जागेवर आली तर बरोबर. थ्रॉटलच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही पाव आटा. जावईबापूंनी हे सगळं पेशंटच्या तक्त्यावर वेळेसकट लिहून ठेवलंय. आमच्या धाकट्याने खाली सही केली आहे.

पेट्रोलचीही एक गंमत सांगायची राहिली. २०२१ पासून इथे साध्या पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही आणि मिक्श्चरही थोडं पातळ होतं, म्हणून आम्ही महागडं सुपर घालतो. तुमच्याकडे तर २० टक्क्यांवर गेलंय. आपल्या जिल्ह्यातल्या उसाची गाडीला एवढी गोडी लागेल, असं वाटलं नव्हतं.

आता गाडी सिग्नलला शांत उभी राहते. पण जावईबापूंना नवी काळजी लागलीये. मंद चालीवर डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा लुकलुकतो. डायनॅमोची गाडी, एवढ्या कमी फेऱ्यांना चार्जिंग होत नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यांचं म्हणणं, मॉनिटरवर तांबडं दिसलं की काहीतरी करायलाच हवं. परवा पहाटे खिडकीतून पाहिलं तर बॉनेट उघडं आणि कपाळाला टॉर्च.

म्हणून स्क्रूड्रायव्हर सध्या तांदळाच्या डब्यात आहे. पुढच्या रविवारी तुम्हाला त्यांचा फोन येईल, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच स्क्रूचं विचारतील. तुम्ही दिव्याचं सांगा, डब्याचं नको. आईला सांगा, भडंग संपलंय.

तुमची,
ताई