शांततेचा मुकादम

भिवंडी हे गाव मौनासाठी प्रसिद्ध नाही. ब्राह्मण आळीतून मंडईकडे यावे, तेथून धामणकर नाक्याच्या रोखाने निघावे, तो कोणत्या ना कोणत्या भिंतीआडून धोट्याची अखंड खटखट कानी पडतेच. आणि लाखांनी मोजावेत इतके यंत्रमाग ज्या गावाचे पोट भरतात, त्या गावाने आवाजाविषयी तक्रार करणे म्हणजे अन्नदात्याशीच हुज्जत घालणे होय. अशा गावी ज्या गृहस्थाने श्राव्यपुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्वयंसेवकांचे मंडळ स्थापिले आणि दर महिन्यास त्यांना एका छपराखाली जमविण्याचा वसा घेतला, तो एक तर परम आशावादी असला पाहिजे किंवा ठार बहिरा. आमचे संयोजक बहिरे मुळीच नाहीत. शेजारच्या गल्लीत कुकरची शिटी व्हायच्या बेतात आहे, हे त्यांस त्या कुकरच्या मालकिणीआधी कळते.

हा मनुष्य स्वतः एक ओळही वाचीत नाही. आवाज जन्मजात घोगरा, 'श' आणि 'ष' यांत भेद करण्याची जिभेस सवय नाही, आणि ध्वनिग्राहकासमोर बसले की घशास कोरड पडते. परंतु प्रत्येक मराठी संस्थेच्या मुळाशी असा एक पुरुष गाडलेला असतोच, ज्याला व्याख्यान देता येत नाही पण व्याख्यात्यास स्थानकावरून आणता येते, गाता येत नाही पण तबलजीचे मानधन वेळेवर पोचविता येते. सतरंजी, हजेरीपट आणि पावतीपुस्तक या तीन वस्तूंवर त्याचा संसार चालतो. पूर्वी तो वसंत व्याख्यानमालेचा चिटणीस असे. आता श्राव्यपुस्तकांचा संयोजक झाला आहे, एवढेच काय ते काळाचे परिवर्तन.

मूळ कल्पना दूरदेशीची. कॅनडातील माँट्रियल शहरी राहणाऱ्या ह्यू मग्वायर नामक गृहस्थांनी 2005 साली 'लिब्रिव्हॉक्स' हा उपक्रम आरंभिला, जोसेफ कॉनरॅडची एक कादंबरी प्रकरणाप्रकरणांनी वाटून घेतली, आणि ज्याने त्याने आपापल्या घरी बसून आपले प्रकरण वाचून धाडावे असा शिरस्ता घालून दिला. त्यात कोणी कोणास भेटण्याची गरज नव्हती, आणि नेमकी हीच गोष्ट मराठी मनुष्यास मानवणारी नव्हे. आपल्याकडे समिती नाही, अध्यक्ष नाही, आभारप्रदर्शन नाही, असे कार्य सिद्धीस गेलेले कोणी पाहिले आहे काय? सबब भिवंडीकरांनी एकत्र जमून वाचावयाचे ठरविले, आणि जमल्यावर त्यांस असा साक्षात्कार झाला की एक जण वाचीत असता उरलेल्यांनी तोंड उघडावयाचे नाही. म्हणजे ही सभा भरते ती न बोलण्यासाठी! कल्याणहून दुर्गाडीच्या पुलावरील खोळंबा सोसून आणि ठाण्याहून कशेळीच्या वाहनांच्या रांगेत तासभर तिष्ठून माणसे येतात, सतरंजीवर मांडी घालतात आणि गप्प बसतात. संयोजकांचे फर्मान संक्षिप्त असते : "ताई वाचतील. बाकीच्यांनी श्वास घ्यायला हरकत नाही, पण नाकाने."

जागेचा प्रश्न सुटला तो मात्र खास भिवंडीच्या पद्धतीने. प्रथम एका शाळेचा वर्ग मिळाला, तेथे उघड्या भिंतींवर आपटून प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारले जाई. नंतर एका कार्यालयाचे सभागृह लाभले, तेथे प्रतिध्वनी तिप्पट निघाला. अखेर एका व्यापाऱ्याच्या गुदामात, कोऱ्या कापडाचे तागे आढ्यापर्यंत रचलेले असता त्यांच्या मधल्या बोळकांडीत उभे राहून संयोजकांनी एक टाळी वाजविली, आणि ती टाळी जागच्या जागी मेली. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत भिंतींना जे बहुमोल अस्तर लावतात त्याचे काम येथे ग्रे कापडाच्या थप्प्या फुकटात करीत होत्या. त्या दिवसापासून मंडळाचा मुक्काम तेथे पडला. कापडाला खळीचा आंबूस वास येतो, हवेत कापसाचा तूस तरंगतो, आणि एखाद्या करुण प्रसंगाच्या ऐन भरात, नायिकेने डोळे मिटण्याआधीच, वाचकास शिंक येते. पण प्रतिध्वनी नाही तो नाही.

आता राहिले वेळेचे त्रांगडे. स्वयंसेवकांस रविवारी सवड, तर रविवारी माग जोमात. माग थांबावयाचे शुक्रवारी, तर शुक्रवारी स्वयंसेवक आपापल्या कचेऱ्यांत. या पेचातून संयोजकांनी काढलेली वाट म्हणजे मंडळींच्या किरकोळ रजांचा हिशेब स्वतःच्या वहीत ठेवणे. कोणाच्या किती रजा शिल्लक आहेत हे त्या त्या कचेरीच्या बारनिशीपेक्षा त्यांस अधिक अचूक ठाऊक असते. वीज गेली की त्यांच्या मुद्रेवर असे तेज चढते की विचारू नये. 2007 साली गावचे वीजवितरण खासगी कंपनीकडे गेले आणि पुढे भारनियमन ओसरले, तेव्हा गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. संयोजक मात्र त्या काळाची आठवण पेशवाई बुडाल्याच्या सुरात काढतात. "पूर्वी रोज चार-चार तास शांतता मिळायची हो!" असे ते एका यंत्रमागधारकास ऐन दुकानात म्हणाले होते, आणि त्या गृहस्थाने मंडळाची वर्गणी त्याच महिन्यापासून बंद केली.

जो इतरांच्या रजांचा हिशेब ठेवतो, तो उपाहाराचाही बंदोबस्त करणारच. चकली, शेव, कुरमुरे, पापड हे पदार्थ मंडळात वर्ज्य असून शिरा, उपमा आणि केळे या मूक अन्नांसच प्रवेश आहे. पंखा बंद, खुर्च्या हद्दपार, खळ घातलेली साडी नको. काकणांचा विषय नाजूक, पण तोही त्यांनी एका आजींपाशी असा अदबीने काढला की आजींनी मनगटांभोवती दोन रुमाल गुंडाळून घेतले आणि पुढे तोच रिवाज पडला. त्यांच्या खिशात अजानीच्या पाचही वेळांचे पत्रक असते. सूर्यास्ताबरोबर सरकणारी मगरिबची वेळ ते मशिदीच्या शेजाऱ्यापेक्षा काटेकोर पाळतात, आणि त्या मिनिटांत मंडळास चहा मिळतो. देवळातील आरतीचेही तसेच. सर्वधर्मसमभाव भिवंडीत कोणकोणत्या मार्गांनी रुजला, याचा इतिहास लिहिणाऱ्याने या चहाची नोंद घ्यावी.

उच्चारांचे प्रकरण याहून बिकट. आपली लिपी एकच 'च' आणि एकच 'ज' लिहिते आणि तोंडाने दोन-दोन उच्चारावयास लावते, त्यामुळे जीवनाचा 'ज' आणि जगण्याचा 'ज' यांवरून सेवानिवृत्त शिक्षक आणि आगरी मुलुखातील एक तरुण यांच्यात जी चकमक उडते, तीत ध्वनिमुद्रणाचा अर्धा वेळ जातो. गंमत अशी की या वादात निवाडा बहुधा पद्मानगरातील एक तेलुगुभाषक कन्या देते, कारण तिने मराठी घरी न शिकता शाळेत शिकल्यामुळे प्रत्येक अक्षराकडे संशयाने पाहण्याची तिला सवय आहे. शिक्षकांस हा निवाडा रुचत नाही. पण तिचे ध्वनिमुद्रण तपासास बसणाऱ्यांकडून आजवर बिनदुरुस्त परत आले आहे, या दाखल्यापुढे त्यांचे काही चालत नाही.

मुद्रणापूर्वी खोलीची नुसती शांतता काही क्षण नोंदवून ठेवावी लागते. ऑडॅसिटी नामक मोफत आज्ञावली त्या नमुन्यावरून मागाहून पार्श्वभूमीची घरघर गाळून टाकते. गाळणी झाली की इतर लोक हे नमुने पुसतात. आमच्या संयोजकांनी ते तारीखवार दप्तरी लावले आहेत. एकदा त्यांनी मला हेडफोन लावावयास दिला आणि स्वतः डोळे मिटून घेतले. मला काहीच ऐकू येईना. "गेल्या श्रावणातली," ते हळूच म्हणाले. "नऊ माणसं होती. डावीकडे बारीक सूं येतंय ना, ती आजींची सर्दी." आणि खरोखरच डावीकडे ती होती.

परंतु या पुरुषाचे खरे स्वरूप प्रकट होते ते ग्रंथनिवडीच्या वेळी. लेखकाने हयातीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे वारसांचा हक्क चालतो. 1957 च्या कायद्यात ही मुदत 50 वर्षांची होती. 1941 साली निवर्तलेल्या रवींद्रनाथांचे वाङ्मय मोकळे होण्याच्या सुमारास, 1992 साली, ती वाढविण्यात आली, आणि या दहा वर्षांचा राग संयोजकांनी बंगालवर कायमचा धरला आहे. साहित्याचा इतिहास ते मृत्युतिथींच्या क्रमाने जाणतात. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून 1 जानेवारी 2011 रोजी मुक्त. चिं. वि. जोशी 1963 साली गेले, म्हणून चिमणराव 1 जानेवारी 2024 रोजी सर्वांचे झाले, आणि त्या दिवशी गुदामात शिऱ्यात बेदाणे पडले. अत्रे 2030 साली, खांडेकर 2037 साली. पु. ल. का नकोत, असे कोणी तरुणाने विचारले तर ते 2061 हा आकडा अशा थंडपणे उच्चारतात की प्रश्नकर्ता मनातल्या मनात आपले वय मोजू लागतो. अंधांकरिता कोणताही ग्रंथ श्राव्य करण्यास 2012 च्या दुरुस्तीने मोकळीक आहे आणि याच विषयावरील मराकेश करारास मान्यता देणारा पहिला देश 2014 साली भारतच ठरला, हे त्यांस ठाऊक आहे; पण ती वाट अंध व अन्य दिव्यांगांपुरतीच राखीव, आणि तिच्यासाठी वरळीची 'नॅब' ही अंधांची संस्था समर्थ आहे, असे त्यांचे म्हणणे.

हयात लेखकांविषयी त्यांच्या मनात एक सुप्त नाराजी असते. कल्याणच्या एका समारंभात एका वयोवृद्ध कादंबरीकाराच्या प्रकृतीची त्यांनी इतक्या आस्थेने आणि इतक्या तपशिलाने विचारपूस केली की त्या सद्गृहस्थांनी घरी गेल्यावर रक्तदाब तपासून घेतला. मजकडेही त्यांची दृष्टी एकदा वळली. माझे लहानसे निबंधांचे पुस्तक त्यांनी हाती घेतले, मागचे पान पाहिले, जन्मसाल वाचून ओठ किंचित हलविले. मी उदारपणे म्हणालो, "एवढा विचार कशाला? मी आजच लेखी परवानगी देतो."

"नको," ते म्हणाले. "परवानगी म्हटली की मुद्रांक आला, साक्षीदार आले, उद्या तुमचे चिरंजीव हरकत घेणार. कायद्याचा मार्ग निर्वेध असतो." आणि त्यांनी वहीत माझे नाव सुवाच्य अक्षरांत लिहून त्यापुढील साल तेवढे कोरे सोडले.