आडव्या पावसाचा रेनकोट

साताऱ्याचा पाऊस वरून पडत नाही. तो यवतेश्वराच्या बाजूनं आडवा येतो, अजिंक्यताऱ्याला वळसा घालतो आणि राजवाड्यापाशी सायकलवाला दिसला की त्याचा पिच्छा धरतो. सकाळी कामावर निघालं की पाठीत रपाटे घालतो, संध्याकाळी परतताना तोंडावर मारतो. ओली कुठली बाजू झालीय ते पाहून हा माणूस कामावर निघालाय की घरी, हे कुणालाही सांगता येतं.

त्यात हे गाव उतरणीवर वसलेलं. राजवाडा ते पोवई नाका आणि तिथून हायवेपलीकडच्या एमआयडीसीपर्यंत सकाळची सगळी वाट उताराची. पायडल मारावं लागत नाही, त्यामुळे अंग तापत नाही. आणि ओल्या रिमवर ब्रेकची रबरं थांबण्याविषयी नुसती चर्चा करतात. संध्याकाळी तेवढाच चढ. तेव्हा बाहेरून पाऊस आणि आतून घाम. म्हणजे जाताना थंडीचे कपडे हवेत, येताना उन्हाळ्याचे आणि दोन्ही वेळा पावसाळ्याचे. तिन्ही ऋतू एकाच कपड्यात शिवणारा शिंपी साताऱ्यात तरी नाही.

म्हणून तयार माल बघायला मी खणआळीत शिरलो. दुकानदारांच्या लेखी पावसात दोनच जाती बाहेर पडतात, शाळकरी मुलं आणि स्कूटरवाले. पोट सुटलेला गृहस्थ सायकलवरून कामाला जातो, हे त्यांच्या हिशेबात नाही.

"गाडी कुठली, सर?"

"सायकल."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलंय का?"

नाही म्हटल्यावर त्याची सहानुभूती वाढली. त्यानं एक रेनसूट काढला. मी तो घालून दुकानातल्या स्टुलावर बसून हवेत पायडल मारून पाहिलं. पँटीचा उजवा पाय चेनीत जाणार हे तिथंच दिसलं. टोपीची निराळीच तऱ्हा. मान वळवली तरी ती वळत नव्हती. मागून ट्रक येतोय का, हे बघायला वळलो की मला टोपीचं अस्तर दिसे. अस्तर चांगलं होतं, पण हायवेवर तेवढ्यानं भागत नाही.

"हा बघा, दहा हजार मिलिमीटरचा," दुकानदारानं हुकमाचं पान टाकलं.

मी हिशेब घातला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे या कोटात तिथली पावणेदोन वर्षं निघाली. सांगलीत पाचसहाशे पडतो, म्हणजे तिथं पोराच्या जन्माला घेतलेला कोट त्याच्या बारावीपर्यंत पुरावा. आटपाडीकडे तर तो मृत्युपत्रातच लिहून ठेवावा लागेल. पण तो आकडा पावसाचा नव्हेच. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेतात आणि किती उंचीला पाणी झिरपतं ते मोजतात. दहा हजार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर. माझ्यावर दहा मीटर पाणी उभं राहिलं तरी कापड गळणार नव्हतं. त्या पाण्याखाली मी कसा असेन, याबद्दल कंपनी काही बोलत नव्हती.

"आणि हा श्वास घेतो," दुकानदार म्हणाला. "मी पण घेतो," मी म्हणालो, "आतमध्ये अडचण होणार नाही ना?"

कापडाच्या या श्वासाला मोठा इतिहास आहे. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं रबर नॅप्थ्यात विरघळवलं, त्याचा थर दोन कापडांच्या मध्ये दिला आणि पाण्याला अडवलं. पाणी आत येईना, पण घामही बाहेर जाईना. आपल्याकडे १९२० साली सुरेंद्रमोहन बोस यांनी कोलकात्यात 'डकबॅक'ची सुरुवात केली आणि पुढच्या कैक पिढ्या पावसाळ्यात रबराच्या वासात शाळेला गेल्या. मग १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनची कांडी हिसक्यासरशी ताणली, तर तिला अतिसूक्ष्म छिद्रं पडली. त्यांतून घामाची वाफ बाहेर जाते, पावसाचा थेंब मात्र आत शिरत नाही. तत्त्व उत्तम आहे. फक्त वाफ बाहेर पडायला आतल्यापेक्षा बाहेर कोरडं असावं लागतं. जुलैतल्या साताऱ्यात ती छिद्रापर्यंत येते, बाहेर डोकावते आणि इथं आधीच गर्दी आहे म्हणून माघारी फिरते. एवढ्या येरझाऱ्यांसाठी दुकानदार सहा हजार मागत होता.

"अहो, मामांना विचारा," घरी बायको म्हणाली.

मामा सांगलीचे. विश्रामबागेतून कुपवाडच्या एमआयडीसीत निवृत्त होईपर्यंत सायकलनं गेले. पावसाबद्दल सांगलीकराला विचारणं सातारकराच्या जिवावर येतं, पण रविवार होता.

सातारा स्टेशन साताऱ्यात नाही, माहुलीजवळ आहे. त्यामुळे कृष्णा-वेण्णेच्या संगमाचं पुण्य आणि गाडीआधीचा पाऊस दोन्ही एका फेरीत पदरात पडतं. गाडी पूर्वेला सरकू लागली की पाऊस विरळ होतो, आणि ते खिडकीबाहेर न बघताही डब्यात चढणाऱ्यांवरून समजतं. साताऱ्याला चढलेले नखशिखांत प्लॅस्टिकमध्ये. कोरेगावला टोप्या मानेवर पडलेल्या. रहिमतपूरला छत्री बगलेत. ताकारीला चढलेल्या एकानं तर रेनकोटाची घडी घालून ती बाकावर खाली घेतली आणि तिच्यावर बसला.

माझा प्रश्न डब्यात पडला आणि कऱ्हाडपर्यंत पुरला. समोरच्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर घोंगडं होतं.

"कशाला रबरात घुसताय? घोंगडं घ्या. चिंचोक्याची खळ दिलेलं घ्या, कडक ऱ्हातं. भिजलं तरी आत ऊब."

"सायकलवर?"

"सायकलवर कशाला? चालत जावा की."

जावळीतल्या मेढ्याच्या एक मावशी लेकीकडे कऱ्हाडला निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लावणीला आमी इरलं घेतो. दिसभर वाकून काम, पर पाठीला थेंब लागत न्हाई."

डबा हसला, मी मात्र विचारात पडलो. बांबूच्या कामट्यांची जाळी, तिच्यात पानांचा थर, हल्ली प्लॅस्टिकचा कागद. डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकलेली, हात मोकळे, खालून वारं खेळतं. भात लावणारी बाई आणि हँडलवर वाकलेला सायकलवाला यांच्या पाठीचा कोन एकच. खणआळीतला सगळा माल ताठ उभ्या माणसासाठी शिवलेला होता. वाकलेल्या माणसाचा विचार जावळीत फार आधी झालेला होता. अडचण एवढीच, की हायवेवर एखादा कंटेनर शेजारून गेला असता तर इरलं पुढच्या स्टेशनला आणि मी मागच्या.

किर्लोस्करवाडीला गाडी थांबली तेव्हा मी फलाटाकडे जरा आदरानं पाहिलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे नांगर आले, कडबा कापायची यंत्रं आली, १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळावर हे गाव उभं राहिलं, नंतर पंप आणि इंजिनं. सायकलच्या दुकानातून एवढं सगळं निघालं. सायकलवाल्याला पावसात काय घालावं, तेवढं राहून गेलं. माणसं मोठ्या कामात गुंतली की असं होतं.

मामांनी चहा पुढे केला आणि मूळ मुद्द्यालाच हात घातला.

"तुला कोरडं ऱ्हायचंय का?"

"हो, मामा."

"मग घरात बस."

मी बसूनच होतो. ते पुढे म्हणाले, "सायकलवर बसलास म्हणजे भिजणार. पावसानं भिजायचं का घामानं, एवढंच आपल्या हातात. पावसाला वास येत न्हाई, हे ध्यानात ठेव. आणि कोरडं ऱ्हायचं नसतं रे, पोचल्यावर कोरडं व्हायचं असतं."

मग त्यांनी माळ्यावरून आपला संच काढला. पुढे झाप असलेली साधी टोपी, म्हणजे चष्म्यावर पाणी येत नाही आणि मान वळते. तिच्या जोडीला ढगळ केप. समोरची कड हँडलवर पसरायची, आतल्या दोऱ्या अंगठ्यांत अडकवायच्या, कमरेला नाडी. खालून उघडा, त्यामुळे घामाला पळवाट. खाली अर्धी चड्डी आणि सँडल.

"अर्धी चड्डी? ऑफिसला?"

"जीनची पँट भिजली की दुपारपर्यंत वाळत न्हाई. पायाची कातडी टॉवेल फिरवला की वाळती. वर, जन्मापासनं अंगावर हाय, एक थेंब आत गेलेला न्हाई. असला माल कुठल्या दुकानात मिळंल?"

शेवटी त्यांनी ट्यूबच्या रबराची एक वीतभर पट्टी हातात ठेवली. "ही पुढच्या मडगार्डला खाली लाव. पाय भिजवतो तो पाऊस नव्हं, आपलंच पुढचं चाक. पाऊस वरनं धुतो, चाक खालनं चिखल मारतं. लोकं रेनकोटाला हजारो घालवत्यात आणि मडगार्ड काढून ठेवत्यात, सायकल दिसाय बरी म्हणून."

केप घ्यायला आम्ही कापडपेठेत गेलो. आभाळ निरभ्र. दुकानदारानं फळीवरचा गठ्ठा धूळ झटकून खाली घेतला.

"कुठं न्यायचा?"

"साताऱ्याला."

"म्हणजे बघा," तो मामांना म्हणाला, "ह्यांनी पाऊस ठेवून घ्यायचा, पाणी आमच्याकडं सोडायचं, आणि वर रेनकोटही आमचाच न्यायचा."

यात अन्याय आहे, पण खोटं काही नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कोयनाही तिथलीच. दोघी कऱ्हाडला भेटतात आणि आमच्याकडचं सगळं घेऊन सांगलीला येतात. सांगलीवर आभाळ कोरडं असतानाही १९२९च्या आयर्विन पुलापाशी नदी चढत असते. म्हणून इथं पावसाळ्यात पाऊस किती झाला असं कुणी विचारत नाही. किती फूट, असं विचारतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये हा आकडा सत्तावन्नच्या वर गेला. दुकानदारानं भिंतीवरची त्या सालची रेघ दाखवली. ती माझ्या डोक्याच्या वर होती. तिच्याविषयी तो विनोद करत नव्हता, म्हणून मीही केला नाही.

मग विषय बदलावा म्हणून मी दहा हजार मिलिमीटरचं विचारलं.

"म्हणजे किती?"

"दहा मीटर पाण्याला टिकतं कापड."

त्यानं क्षणात फूट काढले. "तेहतीस? राहू द्या. आमच्याकडं चाळीसला नुसता भोंगा वाजतो."

केप साडेचारशेला मिळाला. शिवाय मामींनी भडंग दिलं, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, तोंडं उलटसुलट करून. त्या बांधणीकडे मी बारकाईनं पाहिलं. भडंग सांगलीहून साताऱ्याला कुरकुरीत पोचू शकतं, तर पँट पोवई नाक्यावरून एमआयडीसीत कोरडी पोचायला हरकत नव्हती.

आता मी सकाळी अर्ध्या चड्डीत निघतो. अंगावर ढगळ केप, कॅरिअरला दुहेरी पिशवीत पँट, शर्ट आणि मोजे. संध्याकाळी चढाला पाऊस समोरून येतो तेव्हा केप फुगून मला पुन्हा ऑफिसकडे ढकलतो. तेव्हा नाडी आवळायची आणि पोवई नाक्यापर्यंत साहेबांचा विचार करायचा, पाय आपोआप जोरात पडतात.

ऑफिसात वाळत घालायची तेवढी सोय नव्हती. रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायलींच्या रॅकचा एक कप्पा रिकामा होता. तिथं दोरी बांधली आणि चौकशी नको म्हणून कप्प्याला 'पावसाळी अधिवेशन' अशी चिठ्ठी डकवली. पहिल्या आठवड्यात शिपायानं आपली बनियन तिथं टाकली. मग स्कूटरवाल्या दोघांनी दहा हजार मिलिमीटरच्या कोटांतून निथळत येऊन शर्ट लटकवले. परवा साहेब ती चिठ्ठी वाचून आत गेले. आता मेमो येणार, अशी आमची खात्री झाली. आला नाही. दोरीच्या टोकाला मात्र एक नवा टॉवेल दिसतो. तो उंची आहे, आणि तो बाजूला सरकवायची कुणाची छाती होत नाही, त्यामुळे माझी अर्धी चड्डी हल्ली दुपारपर्यंत दमटच राहते.