दरवाजा आहे, देऊळ नाही

क्वाड बाईकला चार चाकं असतात, हँडल असतं, छत नसतं आणि लाज नसते. दुचाकीचा मोकळेपणा आणि चारचाकीचा भरवसा हिच्यात एकवटलाय, असं ती भाड्याने देणारे सांगतात. मला विचाराल तर आईबापांच्या दोन्ही घराण्यांतले दुर्गुण तेवढे वेचून जन्माला आलेलं हे कार्टं आहे. गर्दीतून सटकायची वेळ आली की ती मोटार होते आणि ऊन, वारा, धूळ खायची वेळ आली की स्कूटर. इंजिन दोन पोटऱ्यांच्या मध्ये तापत असतं ते वेगळंच.

तरीही ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावर मी ती दिवसभर चालवली. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या लेकीने सहलीचे पैसे आधीच भरले होते आणि ते परत मिळणार नव्हते. मराठी माणसाच्या हातून घडलेल्या बऱ्याच साहसांमागे हेच कारण असतं.

लेक आणि जावई एका गाडीवर, आम्ही दोघं दुसरीवर. चालवणार मी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर यांनी गाडी चालवणं सोडलंय. गाडी कशी चालवावी हे सांगणं सोडलेलं नाही. मोटारीचा परवाना माझ्याकडे होता आणि त्यावर पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेतला होता. त्याची मुदत एक वर्षाची. हे म्हणाले, "म्हणजे वर्षभर आता गावोगाव हिंडणार का तू?" माझा तसा विचार नव्हता, पण त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी बघून मी उत्तर दिलं नाही.

बेटाच्या मुख्य गावाला होरा म्हणतात. गावाबाहेरच्या पटांगणात गाईडने आमची शिकवणी घेतली. पहिला नियम हेल्मेटचा. पुण्याच्या माणसासमोर हेल्मेट हा शब्द काढला की तो आधी राज्यघटना काढतो, मग मानेचे विकार आणि शेवटी शहरातल्या गाड्यांचा सरासरी वेग. इथे यांनी चकार शब्द न काढता हेल्मेट चढवलं आणि बक्कलसुद्धा लावलं. परदेशात आपल्या मूलभूत हक्कांना मुरड घालायला आपण फार चटकन तयार होतो.

दुसरा नियम अंगठ्याचा. या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर मनगटाने पिळायचा नसतो, उजव्या हँडलखालची छोटी पट्टी अंगठ्याने दाबायची असते. माझ्या मनगटाचा सगळा जन्म पिळण्यात गेलेला. मी पिळतेय, पिळतेय, गाडी ढिम्म. मागून हे: "अगं, पेट्रोलचा कॉक उघड." तिसरा नियम, चालत्या गाडीवरून पाय खाली टेकवायचे नाहीत. वेग कमी झाला की दोन्ही पाय रस्त्यावर सोडून सरकत जाणं हा पुण्यातल्या स्कूटरवालीचा जन्मसिद्ध अधिकार आहे. पण क्वाडचं मागचं चाक बरोब्बर पावलाच्या मागे असतं आणि टेकवलेल्या पायावरून ते निवांत चढून जातं. गाईडने हे हसतमुखाने, स्वतःच्या बुटाचा अभिनय करून दाखवलं. नंतर दिवसभर माझी पावलं पायठेवणीवरून हलली नाहीत.

चौथा नियम वळणाचा, आणि खरी गोम इथेच आहे. बऱ्याच क्वाडच्या मागच्या दोन्ही चाकांना एकच सलग आस असतो, त्यामुळे दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, आणि दोघांपैकी एकही ऐकून घेत नाही. मग गाडी सरळच जायला बघते. त्यावर उपाय म्हणजे अंगाचा भार वळणाच्या आतल्या बाजूला टाकायचा, मागे बसलेल्यानेही. हे प्रत्येक वळणावर बाहेरच्या बाजूला झुकत होते. का, तर दरी नीट दिसत नव्हती.

पहिल्याच चढावर यांनी माझ्या कानात ओरडून या वाहनाचा इतिहास सांगितला. हॉटेलात रात्री फोनवर वाचून ठेवला होता. मुळात याला तीनच चाकं होती. १९७० मध्ये होंडाने फुगीर टायरांची तीनचाकी बाजारात आणली, ती उलटायची. इतकी माणसं जायबंदी झाली की १९८८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांना नव्या तीनचाक्या विकणं थांबवावं लागलं. तोवर सुझुकीने चौथं चाक लावून दाखवलं होतं. "म्हणजे आता उलटत नाही?" मी विचारलं. "कमी उलटते," हे म्हणाले आणि पुन्हा दरीकडे झुकले.

गाईडने आम्हाला रांगेत थेट स्वतःच्या मागे ठेवलं होतं. हे खूश झाले. वयाचा मान राखतात हो इथे, असं म्हणाले. रांगेत सगळ्यात हळू चालवणाऱ्याला म्होरक्याच्या पाठीशी ठेवायचं, म्हणजे पूर्ण तांडा त्याच्या वेगाने चालतो, हे जावयाला माहीत होतं. सासऱ्यांच्या मानाचा प्रश्न असल्यामुळे तो गप्प बसला. फायदा मात्र खरा होता. मातीच्या रस्त्यावर आमच्या वाट्याला एकाच गाडीची धूळ आली. रांगेच्या शेवटी दोन तरणेबांड इंग्रज होते, वेगाची फार हौस असलेले. पहिल्या थांब्यावर त्यांनी गॉगल काढले तेव्हा चेहऱ्यावर गॉगलच्या जागाच तेवढ्या इंग्रज उरल्या होत्या.

नाक्सोस हे सायक्लेडीस बेटांतलं सर्वांत मोठं बेट, सुमारे ४३० चौरस किलोमीटर. सांतोरिनीसारखं पांढऱ्या भिंती आणि निळे घुमट दाखवून ते पोट भरत नाही. इथे शेती आहे, गाई आहेत, गाईच्या दुधाचं ग्राविएरा चीज आहे. संग्री गावाजवळ शेतांच्या मधोमध दिमित्राचं, म्हणजे धान्यदेवतेचं, संगमरवरी देऊळ आहे. इसवी सनापूर्वी ५३० च्या आसपासचं. पुढे ख्रिस्ती लोकांनी त्याचं चर्च केलं, मग तेही पडलं. विसाव्या शतकात अभ्यासकांनी विखुरलेले दगड शोधून जमतील तेवढे पुन्हा उभे केले. खांब कमी आहेत, छप्पर तुटक आहे, पण जागा अशी निवडलीय की देवीला आपल्या पिकावर नजर ठेवता यावी. मला ते फार आवडलं. यांना तिथली सावली आवडली.

पुढे हाल्की गाव. इथे वालिंद्रास घराण्याची १८९६ पासूनची भट्टी आहे आणि तिच्यात कित्रो नावाची दारू गाळतात. ती ज्या झाडाच्या पानांपासून होते, ते झाड बघून मी जागीच थांबले. महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे, तेच. आपल्याकडे देवीने ते हातात धरलंय. इथल्या लोकांनी फळाकडे न बघता पानं उकळली आणि बाटलीत भरली. हिरवी सगळ्यात गोड आणि सौम्य, पिवळी सगळ्यात कडक, बिनरंगाची मधली. गाडी चालवणाऱ्यांना गाईडने फक्त वास घ्यायची परवानगी दिली. मागे बसणाऱ्यांना बंधन नव्हतं. ह्यांनी तिन्ही रंग अभ्यासूपणाने तपासले आणि देवीचं फळ आहे, नाही कसं म्हणणार, असं वर मलाच ऐकवलं. त्यानंतरच्या घाटात हे वळणावर बाहेर झुकेनात. आत झुकेनात. सरळ बसून गाणं म्हणत होते. माझं ड्रायव्हिंग त्या टप्प्यात कमालीचं सुधारलं.

रस्ता फिलोती गावावरून झास डोंगराच्या कुशीतून जातो. हा डोंगर हजार मीटरहून थोडा उंच, सायक्लेडीसमधला सर्वांत उंच. झ्यूस इथे लहानाचा मोठा झाला, असं नाक्सोसकर सांगतात. त्याच्या जन्माबद्दल क्रीटवाल्यांचा दावा पक्का आहे, त्यामुळे नाक्सोसकरांनी बालपणावर समाधान मानलंय. पुढे आपिरांथोस. या गावात गल्ल्यासुद्धा संगमरवराच्या. ३० मे १९४१ च्या रात्री अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवरचा नाझी झेंडा दोन पोरांनी चढून जाऊन उतरवला. त्यांतला एक, मानोलिस ग्लेझोस, या गावचा. गावाच्या आसपासच्या डोंगरांत एमरीच्या खाणी आहेत. सुताराच्या हातातल्या एमरी पेपरला ज्या दगडाने धार आणली, तो दगड नाक्सोसने शतकानुशतकं जगाला पुरवला. खाणीतून मुत्सुना बंदरापर्यंत माल नेणाऱ्या जुन्या रोपवेचे मनोरे अजून डोंगरात उभे आहेत, खाली काही न लोंबता.

वाटेत शेळ्या आडव्या आल्या. गाईडने इंजिन बंद केलं, सगळ्यांनी केलं. एक शेळी आमच्या गाडीजवळ येऊन टायर हुंगून गेली. तिचं मत माझ्यासारखंच असावं.

आणि मग अपोलोनास. बेटाच्या उत्तर टोकाला, गावाच्या वर जुनी खाण आहे आणि तिच्यात एक संगमरवरी पुरुष उताणा पडलाय. लांबी साडेदहा मीटरच्या वर. दाढी ओळखू येते, त्यामुळे हा मद्यदेव डायोनायसस असावा असं बहुतेक जाणकार मानतात. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात कारागिरांनी त्याला डोंगरातून बराचसा मोकळा केला, हात-पाय-दाढीचा ढोबळ आकार काढला आणि काम थांबवलं. ऐंशी टनांचं धूड हलेना म्हणून, की दगडाला तडे गेले म्हणून, यावर वाद आहे. तो मात्र आहे तिथेच, आभाळाकडे तोंड करून, अडीच हजार वर्षं. बेटावर फ्लेरिओला आणखी एक असाच आहे. त्याचा तर पाय मोडला आणि गिऱ्हाइकाने सोडून दिला.

मी बराच वेळ त्या दाढीवाल्यापाशी उभी होते. पूर्ण झालेल्या मूर्तीपुढे माणूस हात जोडतो आणि पुढे सरकतो. इथे छिन्नीचे घाव दिसतात, कारागिराने कुठे घाई केली ते दिसतं, त्याच्यावर कुणी ओरडलं असेल तेही जवळजवळ ऐकू येतं. आपण कामाच्या जागी उभे असतो, देवाच्या नाही. हे शेजारच्या कातळावर टेकले, कंबर धरली, मूर्तीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाही मागच्या सीटवरून आलेला दिसतोय."

खाली समुद्रकाठी जेवलो. नाक्सोसच्या बटाट्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, आणि ऑलिव्ह तेलात तळलेले त्याचे काप खाल्ल्यावर ते का आहे याची शंका राहत नाही. माझा उजवा अंगठा तोवर इतका आखडला होता की काटा डाव्या हाताने धरावा लागला.

परत होराला आलो तेव्हा सूर्य कलला होता आणि अख्खं गाव पोर्ताराकडे निघालं होतं. बंदराला बांधाने जोडलेल्या टेकाडावर संगमरवरी दरवाजा उभा आहे. दोन बाजू, उंबरा आणि वरची तुळई. बाकी काही नाही. इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास लिग्दामिस नावाच्या हुकूमशहाने इथे अपोलोचं भलंमोठं देऊळ काढायला घेतलं. मग त्याची सत्ता गेली आणि काम थांबलं. "सरकार बदललं की असंच होतं," हे म्हणाले. जे काही उभं राहिलं होतं, त्यातलाही बराचसा दगड मार्को सानुदोच्या व्हेनिसवाल्यांनी १२०७ नंतर वरच्या किल्ल्यासाठी उचलून नेला. दरवाजाचे तुकडे प्रत्येकी वीसेक टनांचे. ते कुणाच्या बापाला हलले नाहीत म्हणून राहिले. ग्रीक पुराणकथेत प्रेयसी अ‍ॅरियाडनीला झोपेत सोडून थिसियस जहाजाने पळाला, तोही याच बेटावरून. म्हणजे देऊळ अर्धं, मूर्ती अर्ध्या, लग्नही मोडलेलं, आणि बेटाने यातलं काहीही झाकून ठेवलेलं नाही. उलट गाईड अभिमानाने रांगेत घेऊन जातो आणि एकेक दाखवतो. मला हा प्रामाणिकपणा आवडला. पूर्ण झालेली देवळं बघायला लोकांनी अथेन्सला जावं. तिथे गर्दी आहे आणि पार्थेनॉनही आता पूर्ण राहिलेलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर मे-जून किंवा सप्टेंबरात जा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो आणि उघड्या वळणांवर गाडीपेक्षा तोच जास्त चालवतो. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून काढा, तिथे गेल्यावर मिळत नाही. धूळ नको असेल तर गाईडच्या मागची जागा मागून घ्या. आणि मागे बसणाऱ्यासाठी हेल्मेट तोंड झाकणारं, काच असलेलं घ्या. काच खाली केली की आतलं एक अक्षर बाहेर येत नाही. हे मला परतीच्या वाटेवर कळलं आणि तो रस्ता दिवसभरातला सगळ्यात सुंदर रस्ता होता.