डबल बेल

अमुक गावात पूर आला असं आमच्या दाजींच्या कानावर घातलं, की त्यांचा पहिला प्रश्न 'माणसं सुखरूप आहेत ना?' हाच असतो. माणूस चांगला आहे. दुसरा प्रश्न असतो, 'स्टँडसमोरचा भजेवाला वाचला का?'

दाजी भोकर आगारात एसटीचे वाहक होते. किनवट, हदगाव, देगलूर, नांदेड अशा सगळ्या मार्गांवर त्यांनी तिकिटं फाडली. त्या तिकिटांचे पैसे महामंडळाकडं जमा झाले आणि चवी दाजींकडं. त्यामुळं त्यांच्या डोक्यातला नकाशा जरा वेगळा आहे. धर्माबाद मिरचीचं, अर्धापूर केळीचं. माहूरला रेणुकामाता आहेच, पण 'गडावर जाऊन जो तांबूल न खाता उतरला, तो नुसता दमला.' नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात हात जोडून झाले, की त्यांचे पाय आपोआप लंगरकडं वळतात. तिथल्या पंगतीतून उठताना ते दरवेळी माझ्या बहिणीला ऐकवतात, 'हजारो माणसांची डाळ, पण चव हलत नाही. आणि आपल्या घरी चार माणसांची आमटी सोमवारी एक, मंगळवारी एक!' ताई म्हणते, 'मग सोमवारी तिथं जा, मंगळवारी बी तिथंच.'

मी निलंग्याचा. नोकरीत बदली होऊन भोकरला आलो त्याला बरीच वर्षं झाली, ताईच्याच गल्लीत राहतो, तरी दाजींच्या लेखी मी अजून 'पाव्हणं'. 'पाव्हणं, चला' एवढं म्हणून ते चपला घालतात. कुठं, कशाला, हे विचारायचं नसतं. बसमध्ये चढल्यावर वाहकाला गाडी कुठं चालली असं विचारणाऱ्या प्रवाशाकडं ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं ते बघतात.

एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. दाजी निवृत्त झाले, तरी ही घंटी त्यांच्या हातातून सुटलेली नाही. पदार्थ बिघडला असेल तर चमचा ताटाच्या कडेवर एकदा वाजतो. टण. मग ते पाणी पितात आणि उठतात. जमला असेल तर दोनदा. टण टण. या डबल बेलची त्यांच्याकडं फार टंचाई आहे. भल्याभल्या हॉटेलांना ती मिळालेली नाही. ताईला तर लग्नापासून एकदाही नाही. तिच्या वाट्याला येतं ते 'बरंय'. त्यातही कारळाच्या चटणीला 'बरंय, पर मीठ जरा...' एवढं बोलून ते वाक्य तसंच सोडतात. मीठ जास्त की कमी, हे तिला आजवर कळलेलं नाही.

हॉटेल शोधण्याचे त्यांचे नियम ठरलेले. वर पत्रे पाहिजेत. कढई बाहेरून काळी पाहिजे. मेनूकार्ड दिसलं की परत फिरायचं. मालक जरा तुसडा असावा. 'गोड बोलूलालाय म्हणजे भजे सकाळचे आहेत' हे ते इतक्या मोठ्यानं म्हणतात, की मालकाचा गोडवा जागच्या जागी संपतो. नवीन पाटी लागलेल्या ठिकाणी ते एक महिना जात नाहीत. रंगाचा वास जाऊ दे, म्हणतात.

भज्यांसाठी वेळ दुपारी चारनंतरची. त्यातही घाणा मोजायचा. 'पहिला घाणा देवाचा, दुसरा गिऱ्हाइकाचा, तिसरा आपला.' पहिल्या घाण्याला तेल कच्चं असतं, दुसऱ्याला तळणारा गडबडीत असतो, तिसऱ्याला तेलही शांत आणि माणूसही, असं त्यामागचं शास्त्र. या शास्त्रापायी त्यांनी एकदा चालू ड्युटीवर बस सात मिनिटं उभी करून ठेवली होती असं त्यांचे जुने चालक सांगतात. प्रवासी ओरडायला लागले, तेव्हा दाजींनी कागदात बांधलेले भजे घेऊन गाडीत प्रवेश केला आणि सगळ्यात जास्त ओरडणाऱ्याच्या हातावर दोन ठेवले. बोंब तिथंच थांबली. हॉटेलवाले वाहक-चालकांना फुकट खाऊ घालतात हा सार्वत्रिक समज आहे. दाजी मात्र पैसे दिल्याशिवाय उठत नसत. तत्त्व वगैरे काही नाही. 'फुकटचं खाल्लं की खरं बोलता येत नाही,' एवढंच.

त्यांच्याबरोबर जेवायला बसणं ही मात्र शिक्षा आहे. ते स्वतःच्या ताटाकडं बघतच नाहीत. प्लेट येते, पहिला घास ते तुमच्यापुढं सरकवतात आणि तुमच्या तोंडाकडं टक लावून बसतात. तुम्ही 'छान!' म्हणालात की चिडतात. 'आधी गिळा, मग बोला.' गिळलं की विचारणा सुरू. मागं जिभेवर काय उरलं? तिखट आधी लागलं की नंतर? आणि शेवटी तो ठरलेला प्रश्न, 'खाऊलालाव की नुसतं पोट भरूलालाव?' भूक लागलेल्या माणसानं याचं काय उत्तर द्यावं? एकट्यानं खाताना मी त्यांना कधी बघितलेलं नाही. मी गावाला गेलो असेन, तर ते शेजारच्या शिकवणीतलं एखादं पोरगं उचलून नेतात. पोराची आई तक्रार करत नाही, कारण पोरगं येताना एक पुडा घेऊन येतं.

इतिहासाचाही त्यांचा अभ्यास जिभेवरचा. पुणे–नगर पहिली एसटी धावली 1 जून 1948 ला. त्या दिवशी आपण निजामाच्या राज्यात होतो. '17 सप्टेंबरला निजाम गेला, पाव्हणं. पर तहारी इथंच ठिवून गेला. त्याला म्हणावं, लई उपकार.' आणि मग पिवळ्याधमक तहारीच्या भातात बटाटा असावा की नसावा यावर ते अर्धा तास बोलतात. मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाहून येताना हे प्रवचन मी चारदा ऐकलं आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी भट्टी धरली. आधी बेकरीवाल्याची. उन्हाळ्यात घरचा मैदा, साखर, तूप नेऊन भट्टीवर नानकटाई पाडून आणायची जुनी रीत आहे. किलो मैद्याला पाऊण किलो साखर आणि पाऊण किलो तूप, हा दाजींचा हिशोब. लोक सामान देऊन घरी जातात. दाजी स्टूल घेऊन बसतात, कारण 'आपलं तूप, त्यांचा डालडा, अंधारात ओळख पटत नाही.' आपल्या पत्र्यावरच्या प्रत्येक गोळ्यावर ते अंगठा दाबतात. कारागिरानं एकदा विचारलं, 'काका, सही करूलालाव का?' लांब दांड्याच्या फावड्यानं पत्रा बाहेर आला, की मधल्या ओळीतली नानकटाई पांढरट असते आणि कोपऱ्यातली लालसर. कोपऱ्यातल्या चारही ते माझ्या हातावर ठेवतात. मग डबा उघडाच मांडीवर घेऊन रिक्षात बसायचं, धूळ आली तरी. झाकण लावलं तर आत घाम सुटतो आणि बिस्किट लोळतं. गल्लीत शिरेपर्यंत अख्ख्या भोकरला कळलेलं असतं, की दाजींची नानकटाई निघाली.

मग 2020 चा लॉकडाऊन आला आणि भट्टी बंद. दाजींनी आधी कुकरमध्ये मीठ घालून केक केला, शिट्टी काढून, रबर काढून. तो जमला म्हणून मुलाकडून ओव्हन मागवला. जमलेल्या गोष्टीवर थांबायचा त्यांचा स्वभाव नाही. पहिला केक आत गेला. काचेसमोर पाट टाकून दाजी बसले, समोर भाचा, बाजूला मी, ताई दारात. केक फुगत होता. अठराव्या मिनिटाला लाईट गेली. काचेआड अंधारात केक बसताना आम्ही मोबाईलच्या उजेडात पाहिला. कुणी काही बोललं नाही. दोन तास लाईट आली नाही तेव्हा दाजी उठले, तो चिकट गोळा कापला आणि तव्यावर तूप सोडून एकेक काप दोन्ही बाजूंनी भाजला. खमंग झाला होता, खोटं कशाला बोलू. 'केक असाच करतात,' दाजींनी जाहीर केलं, 'लोकांना शेवटची पायरी माहीत नाही.'

मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते, तेव्हा ते सासुरवाडीला हजर. आमच्या शेतात कोपीसमोर भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर असं गळ्यापर्यंत जेवून संध्याकाळी परतताना गावात थांबून ते निलंगा राईसची प्लेट घेतात. गाड्यावरचा तो पिवळा मसालेभात बघून माझ्याच पोटात कळ येते. 'पाव्हणं, ते जेवण होतं. हे खाणं आहे.' आमचे वडील आयुष्यभर त्यांना पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ बांधून देत आले आणि दाजी 'बरंय' म्हणून पिशवी घेत आले. 2024 साली दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. पेपर घेऊन दाजी धावत घरी. 'बगा, तुमच्या निलंग्याच्या चिंचेला मान मिळाला! अशी चिंच कुठंच न्हाई!' ताई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. 'माझा बाप सांगत होता तवा ती आंबट होती व्हय?' एवढंच विचारलं.

गेल्या पावसाळ्यात नांदेड रोडला दाजींना नवीन हॉटेल सापडलं. पत्रे, काळी कढई, तुसडा मालक, सगळं नियमात. आठ दिवस ते घरी नीट जेवले नाहीत. भजे ठीक होते, पण सोबतची कारळाची चटणी! 'मिरची बगा कशी मागून येती. लसूण हाय, पर लसूण हाय म्हणत न्हाई.' शेवटी रविवारी आम्हा सगळ्यांना तिथं नेलं. तिसऱ्या घाण्याची वाट बघून झाली, प्लेटा आल्या. दाजींनी भजं चटणीत बुडवून खाल्लं आणि स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवला. टण टण. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग, सवयीप्रमाणं, त्यांनी ताईच्या तोंडाकडं टक लावली.

ताईनं बोटावर चटणी घेतली, चाखली. चेहरा जसाच्या तसा. 'बरंय,' म्हणाली, 'पर मीठ जरा...'

'जरा काय?' दाजी कासावीस. पहिल्यांदाच त्यांना या वाक्याचा उरलेला भाग हवा होता.

ते तिनं घरी आल्यावर सांगितलं. मालकाची बायको ताईच्या बचत गटात आहे. हॉटेलला दर आठवड्याला दोन किलो चटणी गटाकडून जाते. आणि गटात चटणीचं काम ताईकडं.

दाजी बराच वेळ पंख्याकडं बघत बसले. दुसऱ्या दिवशी ताटात तीच चटणी होती. त्यांनी चमचा उचलला, ताटाच्या कडेपाशी नेला. मी, भाचा, ताई, तिघंही त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. चमचा तिथंच थांबला. 'घरची घरीच लागती,' ते पुटपुटले, 'तिथं पत्रे हायेत.'

अजूनही चार वाजले की ते 'पाव्हणं, चला' म्हणतात आणि आम्ही नांदेड रोडला जातो. ते ताईची चटणी पैसे मोजून खातात, घंटी वाजवतात. मी एकदा ताईला म्हटलं, घरात एवढी भरून ठेवलीय, तू काही बोलत का नाहीस?

'कशाला बोलू?' ती बरणीला फडकं बांधत म्हणाली. 'मागच्या महिन्यापासून ते हॉटेलवालं तीन किलो न्येलालंय.'