ठाण्यातून पालघर कापताना

नकाशा पाहणाऱ्याला जिल्हे दिसतात, काढणाऱ्याला फटी दिसतात. इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये महाराष्ट्राचे ३६ जिल्हे रंगवायला घेतलेल्या माणसाची दृष्टी अशीच बदलते. त्याला सह्याद्री दिसेनासा होतो आणि सातारा-सांगलीच्या मधला केसाएवढा पांढरा पट्टा तेवढा छळत राहतो.

नवशिका उत्साहाने प्रत्येक जिल्हा वेगळा गिरवतो. आधी सातारा, मग सांगली. जमिनीवर दोघांची सीमा एकच, पण पडद्यावर ती दोनदा काढली जाते आणि कुठलाच हात तीच रेघ दोनदा सारखी काढत नाही. मग कुठे सातारा सांगलीत घुसतो, तर कुठे दोघेही मागे सरतात आणि मध्ये कुणाचीच नसलेली जमीन उरते. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. बांध एकच असतो, दोन्हीकडचे नांगर तो कोरत असतात आणि मोजणीच्या दिवशी दोघांची तक्रारही एकच असते : समोरच्याने कोरला.

बरे, नोडला नोड, म्हणजे रेघेच्या बिंदूला बिंदू, चिकटवून दोन्ही रेघा तंतोतंत जुळवल्या, तरी तो पांढरा पट्टा जात नाही. इथे दोष हाताचा नाही, गणिताचा आहे. सीमा एखाद्या पिक्सेलच्या मधोमध गेली की संगणक आधी सांगलीचा रंग अर्धा लावतो. मग सातारा येतो आणि उरलेल्या अर्ध्याचा अर्धा झाकतो. म्हणजे पाऊण पिक्सेल रंगला आणि पाव भागातून मागचा कागद डोकावत राहिला. दोघांनी आपापला अर्धा वाटा प्रामाणिकपणे उचलला, तरी काम पाऊणच झाले. सरकारी समित्यांचा अनुभव असलेल्यांना याचे नवल वाटू नये.

यावरचा उपाय फारसा सरळमार्गी नाही. खालचा जिल्हा हद्दीपेक्षा थोडा मोठा काढायचा आणि वरच्याच्या पोटाखाली सरकवून द्यायचा. छापखान्यातले लोक दोन रंगांमध्ये कागद दिसू नये म्हणून रंग असेच किंचित एकमेकांवर चढवतात. ते याला ट्रॅपिंग म्हणतात. सांगलीची एक चिंधी साताऱ्याखाली दडली आहे, हे सांगलीकरांना कळवायचे नसते. वरून सीमा रेखीव दिसली म्हणजे झाले.

खरी परीक्षा मात्र जिल्हा कापताना होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. १५ तालुक्यांपैकी ८ तिकडे गेले. नकाशावर हे करताना पालघरचा सगळा काठ गिरवत बसायचे कारण नाही. जुन्या ठाण्यावर पालघरचा एक ओबडधोबड आकार ठेवायचा, खुशाल अरबी समुद्रात, गुजरातेत, नाशकात सांडलेला. काळजी घ्यायची ती फक्त आजच्या ठाण्याला लागणाऱ्या रेघेची. मग इंकस्केपच्या मेनूतली डिव्हिजन ही आज्ञा दिली की जुन्या ठाण्याचे दोन तुकडे पडतात आणि बाहेर सांडलेले सगळे आपोआप नाहीसे होते. सीमा एकदाच काढली आणि ती दोघांनाही लागू झाली. वादाला जागाच नाही.

या मेनूतल्या इतर आज्ञांचेही स्वभाव ओळखून असावे. डिफरन्समध्ये वरचा आकार खालच्याला कापतो आणि कापून झाल्यावर स्वतःही गायब होतो. युनियनमध्ये सगळे एकजीव होतात, पण रंग लागतो तो सर्वांत खाली असलेल्याचा. आघाडीच्या राजकारणात हा नियम अजून आलेला नाही.

आकारांच्या या खेळावर भूगोलही कधी कधी मात करतो. बांगलादेशाच्या हद्दीत भारताचा एक तुकडा होता, त्याच्या पोटात बांगलादेशाचा आणि त्याच्याही पोटात पुन्हा भारताचे दोन एकरांहूनही लहान शेत. त्याचे नाव दहाला खग्राबाडी. सॉफ्टवेअरला यात काहीच वावगे वाटत नाही. एखाद्या ठिकाणाहून बाहेर पडताना किती रेघा ओलांडाव्या लागतात ते मोजायचे, विषम आल्या तर रंग भरायचा, सम आल्या तर रिकामे सोडायचे. इथे आल्या तीन, म्हणून भारताचा रंग. संगणकाला जे क्षणात कळले, ते मिटवायला दोन देशांना २०१५ साल उजाडावे लागले. तेव्हा अशा १६२ तुकड्यांची अदलाबदल झाली.

तेव्हा नकाशा काढणाऱ्यांनो, सामाईक सीमा एकदाच काढा आणि कुठलाही जिल्हा कापण्याआधी त्याची एक प्रत बाजूला ठेवा. १९६० साली आपले जिल्हे २६ होते, आज ३६ आहेत, आणि नव्या जिल्ह्यांच्या मागण्या अजून थांबलेल्या नाहीत.